हीट पंपाचा थर्मोस्टॅट बदलताना: घर गरम झालं म्हणून जोडणी बरोबर असेलच असं नाही

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, व्हर्जिनिया, टेनेसी या पट्ट्यात घर घेतलं की पुष्कळदा गॅसच्या फर्नेसऐवजी हीट पंप पदरी येतो. भिंतीवरचा थर्मोस्टॅट जुना झालेला असतो, किंवा त्याचा पडदा फिकट पडलेला असतो, किंवा फोनवरून चालणारा नवा आपल्याला हवा असतो. खोक्यावर ‘अर्ध्या तासात बसवा’ असं छापलेलं असतं. साधा एसी आणि गॅस फर्नेस असेल तर ते खरंही आहे. हीट पंपात मात्र अशी एक सोय आहे की जोडणी चुकली तरी घर गरम होतंच, आणि चूक कळते ती थेट वीजबिलावरून. म्हणून या लेखात तारा जोडण्याइतकीच जागा त्या तपासण्याला दिली आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एसी. भारतात ‘हॉट अँड कोल्ड’ नावाने मिळणारा स्प्लिट एसी हेच करतो, फक्त तो रिमोटवर चालतो. बाहेरच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसर आणि रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह असतो. हा व्हॉल्व्ह रेफ्रिजरंटची, म्हणजे पाइपांतून उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याची, दिशा बदलतो. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर जाते, हिवाळ्यात बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता ओढून आत आणली जाते. कडाक्याच्या थंडीत ते पुरेनासं झालं, तर आतल्या एअर हँडलरमध्ये, म्हणजे घरात हवा खेळवणाऱ्या पंख्याच्या पेटीत, विजेवर तापणाऱ्या हीट स्ट्रिप मदतीला येतात. थर्मोस्टॅटवर त्याला ‘ऑक्स हीट’ म्हणतात.

फसगत इथेच होते. ३ टनांचा हीट पंप बाहेर सत्तेचाळीस-पन्नास अंश फॅरनहाइट असताना तासाला साधारण ३६,००० बीटीयू उष्णता देतो. किलोवॉटमध्ये सांगायचं तर दहाच्या थोडं वर. त्यासाठी तो वीज खातो जेमतेम ३ किलोवॉट. १० किलोवॉटची हीट स्ट्रिपही जवळपास तेवढीच उष्णता देते, पण पूर्ण १० किलोवॉट वीज घेऊन. झरोक्यातून येणाऱ्या हवेवर हात धरला तर दोन्हीत फरक कळत नाही. कॉम्प्रेसरची तार सुटलेली असली तरी घर ७० अंशांवर छान टिकून राहतं. मीटर मात्र तिप्पट वेगाने फिरत असतो.

या कामाला हात घालू नये अशी घरं

थर्मोस्टॅटचं झाकण काढून आत पाहा. बारीक, रंगीत, पाच ते आठ तारा दिसल्या तर ती २४ व्होल्टची यंत्रणा आहे आणि हा लेख तिच्यासाठी आहे. दोन किंवा चार जाड तारा आणि त्यांच्या टोकांवर वायर नट, म्हणजे तारा जोडणारी टोपणं, दिसली तर तो १२० किंवा २४० व्होल्टचा थर्मोस्टॅट आहे, भिंतीच्या कडेला लावलेल्या बेसबोर्ड हीटरसारख्या उपकरणांचा. तिथे हे काही लागू नाही. झाकण परत लावा.

चारच बारीक तारा आणि टर्मिनलवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतील तर ती आपापसात डेटाने बोलणारी यंत्रणा आहे. कॅरियरची ‘इन्फिनिटी’ मालिका हे तिचं ओळखीचं उदाहरण. तिला त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा कंट्रोल लागतो. दुकानातला कुठलाही सुंदर थर्मोस्टॅट तिथे चालणार नाही. भिंतीवर उंच लावलेल्या, डक्ट नसलेल्या मिनी-स्प्लिटचंही तसंच. घर भाड्याचं असेल तर आधी मालकाला विचारा. बॅकअप म्हणून विजेच्या स्ट्रिपऐवजी गॅस फर्नेस असेल तर काम जमतं, पण एक सेटिंग फार महत्त्वाचं ठरतं; ते पुढे येईल.

वीज बंद करणं: ब्रेकर दोन असतात

हीट पंपाला पॅनेलमध्ये सहसा दोन ब्रेकर असतात, एक बाहेरच्या युनिटचा आणि एक एअर हँडलरचा. मोठ्या स्ट्रिप असतील तर एअर हँडलरचेच दोन असू शकतात. थर्मोस्टॅटला लागणारे २४ व्होल्ट एअर हँडलरमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून येतात, म्हणून तो ब्रेकर बंद करणं आवश्यकच. बाहेरचाही बंद करा. काम चालू असताना अर्धवट सिग्नल जाऊन कॉम्प्रेसर धडपडायला नको.

खात्री करायची सोपी रीत अशी: ब्रेकर पाडण्याआधी थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑन’ करून ठेवा, वाऱ्याचा आवाज येऊ द्या, मग ब्रेकर पाडा. आवाज थांबला की बरोबर ब्रेकर सापडला. थर्मोस्टॅटचा पडदा चालू राहिला तर घाबरू नका, त्यात बॅटरी असेल. तारांजवळ धरून दिवा लागणारा बिनस्पर्श टेस्टर २४ व्होल्ट ओळखत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. मल्टिमीटर एसी व्होल्टवर (हा एसी म्हणजे प्रत्यावर्ती वीज, हवा थंड करणारा एसी नव्हे) ठेवून आर, म्हणजे वीज आणणारी तार, आणि सी, म्हणजे परतीची तार, यांच्यामध्ये शून्य दिसतंय का ते पाहा.

२४ व्होल्टने माणसाला धोका जवळजवळ नाही. धोका आहे तो यंत्राला. आर तारेचं उघडं टोक चालू विजेत सी तारेला टेकलं की एअर हँडलरच्या बोर्डावरचा फ्यूज जातो. तो गाडीत असतो तसाच पात्याचा फ्यूज, बहुधा ३ किंवा ५ अँपिअरचा. जांभळा म्हणजे ३, फिकट तपकिरी म्हणजे ५. काही बोर्डांवर फ्यूजच नसतो आणि मग ट्रान्सफॉर्मर जातो. फ्यूज दोन-तीन डॉलरचा, ट्रान्सफॉर्मर बदलण्यात अर्धा दिवस जातो.

आधी फोटो, मग चिठ्ठ्या

जुना थर्मोस्टॅट बेसवरून अलगद ओढून काढा. एकही स्क्रू सैल करण्याआधी फोटो घ्या: एक समोरून, दोन्ही बाजूंनी एकेक तिरका. तार नेमक्या कुठल्या अक्षराखाली शिरते हे तिरक्या फोटोत स्पष्ट दिसतं.

आता चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या. प्रत्येक तारेवर ती जिथे खोचलेली आहे त्या टर्मिनलचं अक्षर लिहा. रंग लिहू नका. लाल म्हणजे आर, पिवळी म्हणजे वाय, हिरवी म्हणजे जी, नारिंगी म्हणजे ओ, पांढरी म्हणजे डब्ल्यू, निळी म्हणजे सी हा रिवाज आहे, नियम नव्हे. वीस वर्षांपूर्वी तार ओढणाऱ्याकडे जी केबल होती ती त्याने वापरली. निळी तार बी म्हणून किंवा काळी सी म्हणून लावलेली सर्रास आढळते.

भिंतीतून येणाऱ्या केबलचं बाहेरचं आवरणही जरा मागे सारून बघा. न वापरलेली एखादी तार तिथे गुंडाळून ठेवलेली असते आणि पुढे तीच कामाला येते. केबलवर १८/५ किंवा १८/८ छापलेलं दिसेल: १८ गेजच्या पाच किंवा आठ तारा.

कुठलं अक्षर काय करतं

आर म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारे २४ व्होल्ट. काही थर्मोस्टॅटवर आर-सी आणि आर-एच अशी दोन टर्मिनलं असतात, एक कूलिंगसाठी आणि एक हीटिंगसाठी. हीट पंपाला ट्रान्सफॉर्मर एकच असतो, म्हणून तारही एकच येते. नवा थर्मोस्टॅट ती कुठल्या भोकात मागतो हे त्याच्या पत्रकात पाहा. काहींवर दोन्ही जोडणारी छोटी सरकपट्टी असते, काही आतल्या आत जोडून घेतात.

सी म्हणजे कॉमन, परतीची तार. थर्मोस्टॅटला स्वतःला सतत वीज हवी असेल तर ही लागतेच.

वाय कॉम्प्रेसर चालू करते, थंडीतही आणि उन्हाळ्यातही. गॅस फर्नेसच्या घरातून आलेल्या माणसाचा गोंधळ इथे होतो. त्याच्या डोक्यात वाय म्हणजे एसी आणि डब्ल्यू म्हणजे हीटिंग असं पक्कं बसलेलं असतं. हीट पंपात पहिली हीटिंग वायवरच चालते. दोन वेगांचा कॉम्प्रेसर असेल तर वाय-२ ही असते.

जी आतला पंखा चालवते.

ओ किंवा बी ही रिव्हर्सिंग व्हॉल्व्हची तार. नव्या थर्मोस्टॅटवर ‘ओ/बी’ असं एकच टर्मिनल असतं.

डब्ल्यू, डब्ल्यू-२ किंवा ऑक्स म्हणजे हीट स्ट्रिप. ई म्हणजे आपत्कालीन हीट: कॉम्प्रेसर बिघडला की नुसत्या स्ट्रिपवर घर तापवायची सोय. पुष्कळ जुन्या थर्मोस्टॅटवर ई आणि डब्ल्यू-२ यांच्यामध्ये तारेचा छोटा तुकडा, म्हणजे जंपर, लावलेला असतो. नव्या थर्मोस्टॅटमध्ये हे काम एकच टर्मिनल करतं.

एल हा काही यंत्रणांत बिघाडाचा दिवा लावणारा सिग्नल असतो. नव्या थर्मोस्टॅटवर त्याची जागा नसेल तर त्या तारेच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ती भिंतीत सरकवा.

ज्या चार ठिकाणी माणसं अडकतात

पहिली जागा बीची. ओ आणि बी एकाच व्हॉल्व्हला जातात, फरक इतकाच की ओ पद्धतीत व्हॉल्व्हला वीज मिळते ती कूलिंगमध्ये आणि बी पद्धतीत हीटिंगमध्ये. कॅरियर, लेनॉक्स, गुडमन यांचे हीट पंप सहसा ओ पद्धतीचे. ऱ्हीम आणि रूड बी पद्धतीचे. आता ‘ट्रेन’ आणि ‘अमेरिकन स्टँडर्ड’ या कंपन्यांची जुनी यंत्रणा पाहा. तिथे ओ वेगळा असतोच, शिवाय बी असं टर्मिनलही असतं, पण ती बी म्हणजे चक्क कॉमन. ती तार नव्या थर्मोस्टॅटच्या ओ/बी टर्मिनलमध्ये घातली की व्हॉल्व्हला वीज द्यायच्या क्षणी ट्रान्सफॉर्मर शॉर्ट होतो. म्हणून जुन्या बेसवर ओ आणि बी दोन्हींत तारा दिसल्या तर थांबा. बहुधा ओ जाईल ओ/बीमध्ये आणि बी जाईल सीमध्ये. पण अंदाजावर जोडू नका. एअर हँडलरचं दार उघडून ती तार बोर्डावर कुठल्या अक्षराला लागलीय ते डोळ्यांनी पाहा. याच कंपन्यांच्या जुन्या थर्मोस्टॅटवर एक्स-२ असतं, ते आपत्कालीन हीटचं. आणि टी असतं, ते बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरचं. टी तार कुठेही जोडायची नाही.

दुसरी जागा जंपरची. जुन्या बेसवर वाय आणि डब्ल्यू-१ यांच्यामध्ये जंपर दिसला तर तो त्या थर्मोस्टॅटची गरज होती, यंत्रणेची नव्हे. जंपर जसेच्या तसे नव्यावर लावू नका. नवा थर्मोस्टॅट ‘हीट पंप’ म्हणून सेट केला की ते काम तो आतून करतो. जंपर तसाच ठेवला तर कॉम्प्रेसर आणि स्ट्रिप एकत्र चालू होतील, आणि तेही उन्हाळ्यात.

तिसरी जागा डब्ल्यूची. काही नव्या बेसवर एकाच टर्मिनलवर डब्ल्यू आणि ओ/बी अशी दोन्ही नावं असतात. साध्या यंत्रणेत ते डब्ल्यू, हीट पंपात ते ओ/बी. जुन्या थर्मोस्टॅटवरची ‘डब्ल्यू’ तार तिथे घातली तर ऑक्स हीट रिव्हर्सिंग व्हॉल्व्हच्या टर्मिनलवर जाऊन बसते. हीट पंप असेल तर डब्ल्यू नावाची तार नव्या बेसवर डब्ल्यू-२ किंवा ऑक्सकडेच जाते.

चौथी जागा सेन्सरच्या तारांची. एस-१, एस-२ किंवा बाहेरच्या सेन्सरचं चिन्ह असलेली तारांची जोडी दिसली तर ती विजेच्या टर्मिनलला लावायची नाही. नव्या थर्मोस्टॅटला तसाच सेन्सर चालत असेल तरच वापरा. वायफायचे बरेच थर्मोस्टॅट बाहेरचं तापमान इंटरनेटवरून घेतात.

सी तार नसेल तर

हीट पंपाच्या घरात ती बहुधा असते. नसेल तर केबलमध्ये मागे गुंडाळलेली मोकळी तार शोधा. ती सापडली की तिचं एक टोक भिंतीवर सीमध्ये आणि दुसरं एअर हँडलरच्या बोर्डावर सीमध्ये. बोर्डावरच्या सीला बाहेरच्या युनिटकडे जाणारी एक तार आधीच लागलेली असेल, ती काढू नका; नवी तिच्या जोडीला लावा. एअर हँडलरचं दार उघडायचं म्हणजे आत २४० व्होल्टच्या तारा आहेत, हे विसरू नका. ब्रेकर बंद आहेत हे पुन्हा तपासा आणि जाड तारांच्या बाजूला हात नेऊ नका.

‘पंख्याची जी तार सी म्हणून वापरा’ हा सल्ला साध्या एसी-फर्नेससाठी देतात. हीट पंपात तो नको. पंख्यावरचा ताबा गेला की कॉइल, म्हणजे रेफ्रिजरंटच्या नळ्यांचं वेटोळं, गोठू शकते, आणि आपत्कालीन हीटमध्ये पंख्याविना तापलेल्या स्ट्रिप सुरक्षा स्विचने बंद पडत राहतात. मोकळी तार नसेलच तर नवी १८/८ केबल ओढून घेणं हा सरळ मार्ग. अटारी किंवा क्रॉलस्पेसमधून, म्हणजे घराखालच्या ठेंगण्या पोकळीतून, वाट मिळत असेल तर तंत्रज्ञाला ते फार जड काम नाही.

बेस बसवणं

हा भाग सोपा आहे. तारा सोडवताना त्या भिंतीत घसरू नयेत म्हणून केबल पेन्सिलीभोवती एक वेढा देऊन ठेवा. जुना बेस काढा, नवा धरा, लेव्हल लावून स्क्रूच्या खुणा करा, ड्रायवॉलमध्ये अँकर ठोका. केबल बाहेर येते ते भोक पुट्टीने किंवा फोमने बुजवा. हे पुष्कळजण करत नाहीत. अटारीतली थंड किंवा तापलेली हवा भिंतीच्या पोकळीतून त्या भोकावाटे थेट सेन्सरच्या पाठीवर येते आणि थर्मोस्टॅट दोन-तीन अंशांनी चुकीचं वाचत राहतो. मग लोक नव्या थर्मोस्टॅटला दोष देतात.

तारेचं टोक साधारण एक सेंटिमीटर सोला. जुनं टोक वाकडं किंवा काळं पडलं असेल तर कापून नव्याने सोला. ही एकसंध तांब्याची तार असते, पीळ द्यायचा प्रश्न नाही. टर्मिनलमध्ये सरळ खोचा, स्क्रू आवळा किंवा खटका दाबा, मग हलकेच ओढून पाहा. ओढल्यावर निघाली तर ती लागलेलीच नव्हती. टर्मिनलबाहेर उघडं तांबं दिसता कामा नये.

थर्मोस्टॅट बसवण्याआधी एक मोजमाप घ्या. पत्रक तसं सांगत नसलं तरी मी हे वगळत नाही. दोन्ही ब्रेकर चालू करा, बेसवर आर आणि सी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. २४ ते २८ व्होल्ट एसी आले पाहिजेत. शून्य आलं तर फ्यूज गेलाय, एअर हँडलरचं दार नीट लागलेलं नाही (त्यावर स्विच असतो), किंवा सी भलतीच तार आहे. व्होल्ट बरोबर असतील तर ब्रेकर पुन्हा पाडा, थर्मोस्टॅट बेसवर दाबा, ब्रेकर चालू करा.

सेटिंग: इथे घाई नको

नवा थर्मोस्टॅट बरेच प्रश्न विचारतो. यंत्रणा कुठली? हीट पंप. कॉम्प्रेसरचे टप्पे किती? वाय-२ तार नसेल तर एक. ऑक्स आहे का? डब्ल्यू-२ जोडली असेल तर हो. बॅकअप विजेचा की गॅसचा? यालाच वर महत्त्वाचं सेटिंग म्हटलं. गॅस फर्नेसवरची हीट पंपाची कॉइल फर्नेसच्या गरम हवेच्या वाटेत असते. दोन्ही एकदम चालले तर आधीच तापलेल्या हवेत कॉइल उष्णता टाकू पाहते, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. म्हणून ‘गॅस’ निवडलं की थर्मोस्टॅट दोघांपैकी एकच चालवतो. विजेच्या स्ट्रिप कॉइलनंतर असतात, त्या जोडीने चालल्या तरी चालतं.

मग ओ/बी. काही थर्मोस्टॅट तार लागलीय हे आपोआप ओळखतात, पण ती ओ पद्धतीची की बी पद्धतीची हे त्यांना कळू शकत नाही. ते बहुधा ओ धरून चालतात. ऱ्हीम किंवा रूड असेल तर हे तुम्हालाच बदलावं लागेल. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर कंपनी आणि मॉडेल नंबर असतो, आणि बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा चिकटवलेला असतो. नकाशासाठी ते दार उघडू नका, तिथल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, वीज बंद केल्यावरही भार राहतो. मॉडेल नंबरवरून माहितीपत्रक काढा.

तपासणी

एकेक गोष्ट सुटी करून तपासा. नुसतं ‘हीट’ लावून खोली तापली म्हणून खूश होऊ नका.

पंखा ‘ऑन’ करा. आतला पंखा फिरला पाहिजे, बाहेरचं युनिट गप्प राहिलं पाहिजे. जी ठीक.

मग ‘हीट’, आणि खोलीच्या तापमानापेक्षा फक्त दोन अंश वर. जास्त वर नेलं तर थर्मोस्टॅट लगेच ऑक्सला हाक मारेल आणि चाचणी फसेल. कॉम्प्रेसरला बंद झाल्यापासून पाच मिनिटं विश्रांती देण्याची सोय असते, म्हणून पडदा ‘वेटिंग’ म्हणत बसेल, थांबा. आता घराबाहेर जा. बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय का, कॉम्प्रेसरची घरघर येतेय का? वर हात धरा. हीटिंगमध्ये तिथून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड लागते, कारण तिच्यातली उष्णता काढून घेतली जातेय. युनिटकडून घरात जाणारा जाड पाइप गरम लागतो. आत या. पडद्यावर ऑक्सची खूण नाही, परतीच्या जाळीत शिरणारी हवा आणि झरोक्यातून येणारी हवा यांच्यात पंधरा ते पंचवीस अंश फॅरनहाइटचा फरक आहे. हे सगळं जमलं तर वाय आणि ओ/बी दोन्ही बरोबर.

झरोक्याची हवा कोमट लागली तर काळजी करू नका. गॅस फर्नेसची हवा १२० अंशांच्या पुढे जाते, हीट पंपाची नव्वदीच्या आसपास. शरीरापेक्षा थंड असल्याने ती हाताला गार लागू शकते.

मग ‘कूल’. बाहेर साठ अंशांच्या खाली असेल तर ही चाचणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. थंडीत कूलिंग चालवणं कॉम्प्रेसरला बरं नाही. चालवलीत तर जाड पाइप थंड आणि ओलसर व्हावा, बाहेरच्या युनिटवरची हवा गरम लागावी.

शेवटी आपत्कालीन हीट. बाहेरचं युनिट बंद, आत पंखा चालू, हवा गरम. पहिल्यांदा धूळ जळल्याचा वास येईल, काही मिनिटांत जातो. वास गेला नाही किंवा धूर दिसला तर ब्रेकर पाडा. तपासून झालं की ‘हीट’वर परत आणायला विसरू नका. आपत्कालीन हीटवर आख्खा हिवाळा काढलेली घरं आहेत.

चूक कशी ओळखावी

हीट मागितली की थंड हवा आणि कूल मागितली की गरम, तर ओ/बीचं सेटिंग उलटं आहे. तारांना हात लावायची गरज नाही. एकाच बाजूला गडबड असेल, म्हणजे हीटिंग बरोबर पण कूलिंगमध्येही गरम हवा, तर ओ पद्धतीच्या यंत्रात ओ तार सुटलेली आहे: वीज न मिळाल्यावर व्हॉल्व्ह हीटिंगलाच राहतो. बी पद्धतीत याच्या उलट.

घर गरम होतंय पण बाहेरचं युनिट हलत नाही, तर वाय तपासा. हीच ती गुपचूप लुटणारी चूक. बाहेरचं युनिट चालू आहे पण ऑक्सची खूण कधीच जात नाही, तर जंपर किंवा डब्ल्यूची गल्लत, नाहीतर खरोखरच रेफ्रिजरंट कमी झालंय. ते भरणं परवानाधारक तंत्रज्ञाचं काम. अमेरिकेत त्यासाठी पर्यावरण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, कलम ६०८चं प्रमाणपत्र लागतं. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर मोठ्या अँपिअरचा घालू नका. कुठेतरी तार शॉर्ट होतेय, पुष्कळदा बाहेर, जिथे गवत कापण्याच्या यंत्राने किंवा उंदराने केबल सोललेली असते.

थंडीत बाहेरच्या युनिटमधून अचानक वाफेचा लोट उठला आणि फस्सकन आवाज झाला, तर ते डिफ्रॉस्ट. कॉइलवरचं बर्फ वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं, म्हणजे कूलिंगमध्ये चालतं, आणि घरात गार वारा येऊ नये म्हणून बाहेरचा बोर्ड स्वतःच डब्ल्यू तारेवरून स्ट्रिप लावतो. थर्मोस्टॅटचा त्यात हात नसतो.

बसवल्यानंतरची दोन सेटिंगं

रात्री तापमान आठ-दहा अंश खाली आणि पहाटे झटकन वर, ही सवय गॅसच्या घरात पैसे वाचवते. हीट पंपात पहाटेच्या उडीसाठी स्ट्रिप जागी होते आणि रात्रीची बचत तासाभरात जाते. अमेरिकेचं ऊर्जा खातंही हीट पंपाच्या हीटिंगसाठी अशा मोठ्या चढउतारापासून सावध करतं. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त चढउतार ठेवू नका, किंवा ऑक्स न वापरता लवकर सुरुवात करणारं सेटिंग असेल तर ते लावा.

दुसरं म्हणजे ऑक्स लॉकआउट: बाहेर अमुक तापमानाच्या वर असेल तर स्ट्रिप लावायचीच नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत पस्तीस ते चाळीस अंशांच्या मध्ये ठेवून सुरुवात करा. कडक सकाळी घर मागे पडायला लागलं तर थोडं वर न्या. कॉम्प्रेसर लॉकआउट नावाचं दुसरं सेटिंग असतं. विजेचा बॅकअप असेल तर ते बंद ठेवा, नाहीतर ऐन थंडीत स्वस्त यंत्र बंद आणि महाग यंत्र चालू अशी उलटी गत होते.

पहिल्या थंड आठवड्यात वीजकंपनीच्या अ‍ॅपवर तासातासाचा वापर पाहा. कोणी पाणी तापवत नाही, ओव्हन नाही, अशा पहाटेच्या तासाला तीन-चार युनिट दिसले तर कॉम्प्रेसर आपलं काम करतोय. दहा-बारा दिसले आणि बाहेर पंचेचाळीस अंश असतील, तर झाकण उघडा आणि वाय तारेपासून पुन्हा सुरुवात करा.

जुना थर्मोस्टॅट गोल किंवा तरफेचा असेल आणि आत काचेच्या कुपीत चकाकणारा थेंब हलत असेल तर तो पारा आहे. तो कचऱ्यात टाकायचा नाही. उत्पादकांनी १९९८ साली सुरू केलेली थर्मोस्टॅट रिसायकलिंग कॉर्पोरेशन असे थर्मोस्टॅट गोळा करते. एसीचं सामान विकणाऱ्या घाऊक दुकानांत किंवा काउंटीच्या घातक कचरा केंद्रात ते देता येतात. कुपी वेगळी काढू नका, आख्खा थर्मोस्टॅट पिशवीत घालून द्या.